हलवा, सिल्व्हरसाइड आणि एक महागात पडणारा शब्द

'सिल्व्हरसाइड' हा इंग्रजी शब्द मोठा गमतीशीर आहे. अमेरिकेत तो म्हणजे अंगावर चंदेरी पट्टा असलेला बोटभर मासा. लंडनच्या खाटकाकडे तोच शब्द म्हणजे बीफचा एक तुकडा, मागच्या मांडीचा, वर चंदेरी पापुद्रा असलेला. दोघांनीही चमक बघितली आणि नाव ठेवून मोकळे झाले!

हसू नका, आपल्याकडे 'हलवा' आहेच की. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मागा, काळसर चपटा मासा मिळेल. संक्रांतीला तुळशीबागेत मागा, साखरेचे काटेरी दाणे. मिठाईवाल्याकडे मागा, गाजराचा. तरीही कुठल्या नव्या सुनेच्या गळ्यात माशांची माळ पडल्याचं ऐकिवात नाही :) दुकानच अर्थ सांगतं ना! आपल्या भाषेत, लोकल व्हेरिएबल. दोन फंक्शन्समध्ये एकच नाव असलं तरी कंपायलर कुरकुरत नाही.

घोळ होतो तो एकाच स्कोपमध्ये एक नाव दोन गोष्टींना दिलं की. आपल्याकडचा तो शब्द म्हणजे 'बीफ'. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद. म्हैस मात्र या बंदीत नाही. म्हणजे तीच डिश म्हशीची असेल तर जेवण, बैलाची असेल तर गुन्हा ठरू शकतो. आणि बोलताना दोन्हींना शब्द एकच!

'भारत बीफ निर्यातीत आघाडीवर' ही बातमी तुम्ही वाचली असेल. ते मांस म्हशींचं असतं, गोमांसाच्या निर्यातीला परवानगीच नाही. पण कोणीतरी 'बीफ'चं भाषांतर 'गोमांस' करतं आणि मग फॉरवर्ड सुरू... याची किंमत शब्द वापरणारा मोजत नाही. रस्त्यात ज्याचा टेम्पो अडवला जातो, तो मोजतो. मांस कोणत्या जनावराचं, हे प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईल तेव्हा कळणार. तोवर त्याचं काय?

काय खावं आणि कायदा योग्य की नाही, यावर खुशाल भांडा. पण बातमीत, मेनूकार्डावर, पोलिसांच्या कागदावर सरळ जनावराचं नाव लिहा की! 'म्हशीचं मांस', दोनच शब्द तर आहेत. हलव्याचा घोळ झाला तर फार तर तोंडाची चव जाईल. इथे माणूस आत जातो.