मोटरसायकल घेताना शरीरालाही विचारा

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो मोबाइलवर तीन गाड्यांची तुलना उघडूनच. "मामा, साडेतीनशे घेऊ की साडेचारशे?" धायरीहून हिंजवडीला रोज ऑफिस, महिन्यातून एकदा ताम्हिणी, वरंध नाहीतर माळशेज, आणि पुढेमागे लडाख, असा त्याचा बेत. मी हाडांचा डॉक्टर. मला गाड्यांमधलं काय कळतं, असं त्याच्या आईचं म्हणणं. पण गेली वीस वर्षं मोटरसायकल चालवणाऱ्यांची मनगटं, कंबर आणि गुडघे मी तपासतो आहे. त्यामुळे त्याला म्हटलं, सीसीचं नंतर बघू. आधी कागद-पेन घे.

जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. वर्षाला ऑफिसचे अडीचशे दिवस धरले, तर साडेबारा हजार किलोमीटर होतात. घाटातल्या बारा सहली, प्रत्येकी तीनशे किलोमीटरच्या, म्हणजे छत्तीसशे. पण शरीर किलोमीटर मोजत नाही, तास मोजतं. ऑफिसच्या प्रवासात रोज अडीच तास गेले, तर वर्षाला सव्वासहाशे तास होतात. घाटातले छत्तीसशे किलोमीटर ताशी चाळीसच्या सरासरीने नव्वद तासांत संपतात. गाडीवर काढलेल्या दर आठ तासांतले सात तास शहरातले. जाहिरातीत मात्र फक्त आठवा तास दिसतो. चित्र खार्दुंग ला खिंडीचं आणि हप्ते चांदणी चौकातल्या कोंडीत फेडायचे, असा हा व्यवहार आहे.

म्हणून पहिली परीक्षा डाव्या हाताची. एका सकाळी मी स्वतः ऑफिसच्या वेळेला त्याच्या रस्त्याने गेलो आणि क्लच किती वेळा दाबला ते मोजत राहिलो. अर्ध्या रस्त्यातच आकडा शंभराच्या पुढे गेला. क्लच जड असेल, तर हा व्यायाम मनगटाला परवडत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होणं, हात झटकल्यावर बरं वाटणं, ही मनगटातली मुख्य नस दबल्याची खूण. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस हँडलवर दबते आहे असं समजा. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत संगणकावर काम करणारे असतात, शिवणकाम करणारे असतात आणि रोज दीड-दोन तास गाडी चालवणारेही असतात. हल्ली बऱ्याच गाड्यांना स्लिप-असिस्ट क्लच येतो. त्याचा दट्ट्या हलका असतो. शोरूममध्ये या सुविधेबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण चार अश्वशक्ती जास्त मिळण्यापेक्षा ती मोलाची आहे.

दुसरी परीक्षा थरथरीची. एकच सिलिंडर असलेलं इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं, तेव्हा हँडलपर्यंत सेकंदाला त्र्याऐंशी कंपनं पोचतात. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये ग्राहकांना सांगितलं होतं, की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर फोन बसवू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते. त्याच हँडलवर आपली दहा बोटं असतात. म्हणून गाडी किती वेगाने पळते हे पाहण्याआधी, आपल्या नेहमीच्या वेगाला, म्हणजे शहरात चाळीस आणि महामार्गावर सत्तर-ऐंशीला, ती किती थरथरते ते बघावं.

कंबरेचं गणित वेगळं आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. झोक्याला योग्य वेळी धक्का मिळाला की तो उंच जातो, तसंच. दर दोन मीटरला ठिगळ असलेल्या रस्त्यावर ताशी चाळीसने गेलात, तर सेकंदाला साडेपाच हादरे बसतात. म्हणजे नेमके कण्याला नको असलेले. सस्पेन्शन त्यातले काही गिळतं, उरलेले पायांनी गिळायचे असतात. त्यासाठी फुटरेस्ट कमरेच्या जवळजवळ खाली हवेत, म्हणजे खड्डा दिसला की माणूस सीटवरून दोन इंच उठू शकतो. पाय लांब पुढे पसरून बसायच्या गाडीवर हे जमत नाही. रुबाब खूप, पण प्रत्येक गतिरोधक थेट माकडहाडाला लागतो. उलट फार पुढे वाकून बसायच्या गाडीवर अंगाचा भार मनगटांवर येतो. पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले, पाय खाली, ही बैठक रोजच्यालाही बरी आणि घाटालाही.

आता वजन आणि उंची. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी हौसेने एक जड गाडी घेतली. सीट उंच होती, पाय चवड्यांवर टेकायचे, पण "सवय होईल" असं शोरूमवाल्याने सांगितलं आणि मीही मान डोलावली. पहिल्याच पावसाळ्यात वरंध घाटात डबलसीट चढत होतो. एका वळणावर समोरून एसटी आली, म्हणून थांबलो. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे त्या बाजूची जमीन दोन-तीन इंच खाली असते. पाय टाकला तो तिथे पोचलाच नाही. गाडी कलंडली, दोघेही पडलो. वेग शून्य होता. मला खरचटलंही नाही. बायकोने पडताना हात टेकला आणि तिचं मनगटाजवळचं हाड मोडलं. ज्या हाडाला मी दर आठवड्याला प्लास्टर घालतो तेच. सहा आठवडे तिचा उजवा हात गळ्यात होता आणि पोळ्या मी लाटत होतो. ती एवढंच म्हणाली, "गाडी घेताना मला एकदा मागे बसवून बघितलं असतं तर?"

यातलं विज्ञान साधं आहे. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचा भार चाकं पेलतात, आपल्याला दोन बोटं पुरतात. १९५ किलोची गाडी पाच अंश कलली, की हँडलपाशी सात-आठ किलोचा जोर लागतो. वीस अंश कलली, की तीस-पस्तीस किलोचा. मागे माणूस आणि सामान असेल, तर त्याहून जास्त. म्हणजे कलायला लागल्यावर पहिल्या क्षणी पाय पोचला तरच गाडी सावरते. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचा पाय आतल्या बाजूने साधारण पंचाहत्तर-शहात्तर सेंटिमीटर भरतो. सीट साडेब्याऐंशी सेंटिमीटरवर असेल, तर बूट घालूनही चवडेच टेकणार. म्हणून कागदावरचे हे दोन आकडे मी अश्वशक्तीच्या आधी वाचतो. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, तर त्याच कंपनीची हंटर ३५० सुमारे १८१ किलोची. हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची आणि तिची सीट कमीत कमी ८२५ मिलिमीटरवर. चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० बाजारात आली तेव्हा १७० किलोची होती, सीट ७९० मिलिमीटरवर. यातली कुठलीच वाईट नाही. सहा फुटी माणसाला हिमालयन सहज झेपेल. प्रश्न तुमच्या पायांचा आहे.

"पण घाटाला ताकद लागते ना?" भाच्याने विचारलं. लागते, पण किती? गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरू. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी चाळीसने जायला, हवेचा आणि टायरचा विरोध धरूनही, सहा-सात अश्वशक्ती पुरतात. साधी साडेतीनशे सीसीची गाडी वीस अश्वशक्ती देते. उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वरला समुद्रसपाटीच्या तुलनेत बारा-एक टक्के, खार्दुंग ला खिंडीत चाळीस टक्क्यांहून अधिक. इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे तिथेही साडेतीनशेच्या गाडीकडे अकरा-बारा अश्वशक्ती उरतात. घाटात महत्त्वाचं हे, की जोर कमी फेऱ्यांना मिळतो का. वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये, तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर गाडी न कुंथता निघाली, की झालं. जास्त ताकदीचा खरा उपयोग आहे तो मोठ्या महामार्गावर. शंभराच्या वेगाला वीस अश्वशक्तीची गाडी जवळजवळ दमलेली असते, चाळीसची निवांत असते. तुमचं पुणे-कोल्हापूर दर पंधरवड्याला असेल, तर चारशेची गाडी घेण्यात शहाणपण आहे, कारण ट्रकला ओलांडताना हाताशी जोर राहतो. पण चार पदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ऐंशीची आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, हेही ध्यानात ठेवावं.

चढताना लागते त्याहून जास्त काळजी उतरताना हवी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. साडेतीनशे किलोच्या ओझ्यातून तेवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते, ती उष्णतेत बदलली, तर तेरा लिटर पाणी उकळेल. ही उष्णता कुठेतरी जायला हवी. थोडी हवा घेते. उरलेली एकतर इंजिन घेतं, नाहीतर ब्रेक. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे ती सगळी ब्रेकवर टाकतात. ब्रेकचं जुनं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि कमी तापमानाला उकळू लागतं. मग दट्ट्या दाबला तरी तो मऊ लागतो आणि गाडी थांबत नाही. गंमत अशी, की यात पेट्रोलही वाचत नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून मूठ सोडली, की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. तेव्हा ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदला.

पैसे कुठे वाचवू नयेत, तेही सांगतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला दिलं तरी चालतं. तुम्ही दोन्ही चाकांचं घ्या. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटरसायकलींचे प्राणघातक अपघात २२ टक्क्यांनी कमी आढळले. पावसाळी घाटात मागचं चाक घसरणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं त्याला आकडा लागत नाही. आणि हेल्मेट. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर गेली. त्यातली चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. आपल्याकडे चालवणाऱ्याचं हेल्मेट चांगलं असतं आणि मागच्याचं टोपीवजा, ही वाईट खोड आहे.

माझी खरी तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. अडीच-तीन लाखांची गाडी लोक शोरूमभोवती पाच मिनिटं फिरवून घेतात. पाच मिनिटांत मन भरतं, मनगट दुखायला पाऊण तास लागतो. तासभर, डबलसीट, चढावर थांबून पुन्हा निघण्यासह गाडी चालवू द्यावी, हा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. शिकण्याचंही तसंच. अमेरिकेत १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या प्रसिद्ध अहवालात नऊशे अपघात तपासले गेले. त्यातले ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. अपघात टाळायला त्यांना दोन सेकंदही मिळत नव्हते. एवढ्या वेळात गाडीची ताकद कामाला येत नाही. आपला पाय, ब्रेक आणि सराव येतो.

भाच्याला मी गाडीचं नाव सांगितलं नाही. पाच गोष्टी करून ये म्हटलं. रोजचे बूट घालून दोन्ही पाय टेकतात का बघ. बंद गाडी हाताने मागे ढकलून बघ. पंधरा मिनिटं नुसता बसून राहा. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला चालवून बघ. आणि जी तुझ्या मागे बसणार आहे, तिला सोबत ने.

परवा त्याचा फोन आला. अजून ठरलेलं नाही. एका गाडीवर त्याचे पाय पोचत नाहीत, दुसरीवर बायकोला मागे धरायलाच काही नाही. तिसरी दोघांना पटली आहे, पण मित्र म्हणतात की ती लहान दिसते. दोन हेल्मेटं मात्र त्याने घेऊन ठेवली आहेत, दोन्ही सारखीच.