डुकरासाठी काडतूस कोणते? आधी कायद्याची बंदूक बदला



ज्वारीच्या दाण्यात चीक भरला की गावोगाव एकच प्रश्न येतो. रानडुकरासाठी बंदूक कोणती घ्यावी आणि काडतूस कोणते चालते? हा हौशी शिकारीचा प्रश्न नाही. आपल्या देशात हौशी शिकार बंद आहे. हा रात्रभर जागल करून सकाळी आडवे पडलेले धांडे मोजणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे.

आधी कायदा काय देतो ते बघा. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याला द्यायची बंदूक म्हणून त्यात नाव आहे ठासणीच्या बंदुकीचे. तोंडाकडून दारू भरा, ठासा, एक बार काढा. पुन्हा भरेपर्यंत कळप धुऱ्यापलीकडे. आपले पीक खरिपाचे, रात्री ओल्या. दारू सर्दावली की तोही बार फुसका. आणि लागला तरी बहुतेक वेळा डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर कपाशीत दडून बसते, आणि सकाळी वेचणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येते.

ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी खात्री पटली तर अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो, हेही त्याच कलमात आहे. अर्ज करताना हे वाक्य लिहून मागा. ती बंदूक म्हणजे १२ बोअर. तिच्यात पाखरांचे बारीक छर्रे घालून डुकरावर मारणे म्हणजे जनावराचे हाल आणि आपल्याला धोका. एलजी हे मोठ्या छऱ्र्यांचे काडतूस, मचाणावरून, पंचवीस-तीस पावलांच्या आत. छर्रे लवकर दम सोडतात. आपल्या सपाट काळ्या रानात, जिथे शेजारच्या वावरातही कुणीतरी जागलीला असते, तिथे हाच त्यांचा मोठा गुण.

रोह्याचे गणित वेगळे. मोठा नर दोनशे किलोच्या आसपास, कधी वरही. त्याला छर्रे पुरत नाहीत, रायफल लागते. इंग्रजांनी .३०३ ही फौजेची गोळी म्हणून रयतेच्या हाती दिली नाही, म्हणून आपल्याकडे .३१५ बोअर रूढ झाली. जगात इतरत्र फारशी कुणाला ठाऊक नसलेली ही गोळी पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहे. जाडी आठ मिलिमीटर, वजन सुमारे सोळा ग्रॅम. वेग बेताचा, पण मऊ टोकाची ही जड गोळी जागेवर बसली तर रोही आणि डुक्कर दोन्हींना पुरते. मात्र चुकलेली गोळी किलोमीटरभर पुढेही माणूस मारू शकते. म्हणून ती शिकलेल्या हातातच असावी, मारा उंचावरून खाली असावा आणि मागे मातीचा आडोसा असावा. घरटी रायफल मागू नका.

आणि बंदूक असली म्हणजे मारायची मुभा मिळाली असे नाही. वन्यजीव कायदा १९७२, कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी परवानगी मिळू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर डुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत, आणि ही तरतूद त्यांना लागू आहे. परवानगीने मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे. मेलेले डुक्कर सरकारचे, तर जिवंतपणी त्याने खाल्लेली ज्वारी कोणाची?

त्यात निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. विधानसभेचे मतदान २०१९ साली ऑक्टोबरात झाले, २०२४ साली नोव्हेंबरात. कणीस भरायचा आणि बोंड फुटायचा नेमका काळ! डुकरांना आचारसंहिता नसते.

मार्ग बंद केले की माणूस तारेत थेट करंट सोडतो. त्यात डुकराआधी शेजाऱ्याचे पोर मरते, वाघ मरतो आणि शेतकरी तुरुंगात जातो. तो मार्ग आपला नव्हे.

सरकारने मनावर घेतले तर काम होते. २०१६ साली बिहारात मोकामा भागात नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारले गेले. म्हणून येत्या बैठकीत ठराव करा :

१. दर आठ-दहा गावांमागे शिकवलेल्या, परवानाधारक नेमबाजांचे एक पथक. बंदूक, काडतुसे व विमा सरकारचा.

२. पीक संरक्षणाच्या कलमातून ठासणीची बंदूक काढून १२ बोअर घालावी.

३. लेखी परवानगी ठरलेल्या मुदतीत. नाकारली तर कारण लेखी.

४. पीक संरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करू नयेत.

५. परवानगी नाही, तर त्या रात्रीच्या नुकसानीची भरपाई बाजारभावाने.

जनावर सरकारने पाळायचे आणि वैरण आपण घालायची, हा करार आपण कधी केलेला नाही.