गीत: पारंपरिक

"आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत" असं कोणी निवेदक म्हणाला की हल्ली मी हातातलं काम थांबवते. गाण्यासाठी नव्हे, त्या 'पारंपरिक' शब्दासाठी! कधीकधी तो शब्द अगदी खरा असतो. कानबाईची गाणी, भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या मुळात कोणी रचल्या हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तसा हट्टही कोणी धरू नये. पण पुष्कळदा 'पारंपरिक' म्हणजे "कोणी लिहिलंय ते शोधायचा आम्हाला कंटाळा आला" याचं सभ्य रूप असतं. आणि आपण नाशिककरांनी तरी याबद्दल गप्प बसू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. का, ते सांगते. जरा लांबण लागेल.

सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे. तिथे १९२२ साली वामन तबाजी कर्डक जन्मले. आपल्या सगळ्यांचे वामनदादा. लहानपणी शाळा नाहीच. पोटासाठी मुंबईला गेले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, आणि मोठेपणी अक्षरं शिकले. जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून वाचून पक्की केली, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे त्यांनी इतकी गाणी लिहिली की मोजणारे थकले. आकडा दहा हजारांपर्यंत सांगितला जातो, मी त्या वादात पडत नाही. गावोगाव हिंडून स्वतः गायले. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली आला. १५ मे २००४ रोजी ते गेले, तेही नाशिकमध्येच.

म्हणजे ज्या माणसाला आपल्यापैकी कित्येकांनी प्रत्यक्ष पाहिलंय, ऐकलंय, त्याची गाणी आज 'पारंपरिक' म्हणून वाजतात. वीस-बावीस वर्षांत माणूस परंपरेत जमा! बाकीच्यांना निदान दोन-तीनशे वर्षं तरी लागतात.

आमचा पाच-सहा जणांचा एक कंपू आहे. महिन्यातल्या एका रविवारी नाशिकरोडला माझ्या धाकट्या दिरांकडे जमतो. त्यांच्याकडे चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर आहे. बाकीचे जुन्या बाजारातून, नातेवाइकांच्या माळ्यावरून, मुंबईला गेलं की चोरबाजारातून तबकड्या गोळा करून आणतात. त्यातला एक जण सुगम संगीतवाला, एक जण लावणीवाला, दीर कट्टर कोळीगीतवाले (समुद्र वर्षातून एकदा बघतात, पण असो), आणि मी या सगळ्यांच्या मधली. आम्ही पूर्ण अल्बम वगैरे ऐकत नाही. आमचा जीव एकेकट्या गाण्यात. ती सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, दोन्ही बाजू मिळून बहुतेक चार गाणी, त्यातलं एक असं की जे रेडिओवर इतकं वाजलं की बाकीची तीन कोणी ऐकलीच नाहीत. मग आम्ही मुद्दाम ती तीन ऐकतो. कधी कधी त्यातच सोनं सापडतं.

या बैठकीचा एक नियम आहे. तबकडी लावण्याआधी तिच्यावरचं लेबल मोठ्याने वाचायचं. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा. आकाशवाणीच्या निवेदकांची नक्कल म्हणून हे सुरू झालं, पण आता आमचं पूजेआधीच्या संकल्पासारखं झालंय. त्याशिवाय सुई टेकवायची नाही.

रेडिओचं ऋण इथे मान्य करायलाच हवं. ज्यांचं बालपण मुंबई आकाशवाणी लागणाऱ्या घरात गेलं त्यांना 'कामगार सभा' आठवत असेल. गिरणीतून सुटून आलेल्या माणसांसाठीचा तो कार्यक्रम, पण ऐकायचे सगळेच. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, शाहीर साबळे हे आवाज कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा शिरले ते याच वाटेने. 'आपली आवड'मध्ये भावगीतांची चलती असायची आणि 'कामगार सभे'त लोकगीतांची. म्हणजे वर्गवारी होतीच. पण दोन्हीकडे नावं घेतली जायची, कारण निवेदकाच्या हातात लेबल असायचं.

आता मुद्द्याचं. मातीतलं गाणं आणि रेडिओवरचं सुटं गाणं या दोन वेगळ्या जाती आहेत असं पुष्कळ रसिक मानतात. एक अस्सल, दुसरं बाजारू. मला हे मुळीच पटत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. फडावर अर्धा तास रंगणारं गाणं त्या साडेतीन मिनिटांत बसवायचं म्हणजे केवढी कसरत! आलापी गेली, मधली बतावणी गेली, कडवी कमी झाली. पण त्या काटछाटीत गाणं घोटीव झालं, आणि जिथे फड कधी पोचला नसता अशा स्वयंपाकघरांत पोचलं. सुलोचना चव्हाणांची लावणी जिने कधी तमाशाच्या कनातीत पाऊल टाकलं नाही अशा माझ्या आत्याला तोंडपाठ होती, ती रेडिओमुळेच. तेव्हा सुट्या गाण्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

फक्त त्या काटछाटीत एक गोष्ट अशी गेली की जिची किंमत पुढे कळली.

आपल्याकडे कवी स्वतःचं नाव गाण्यातच घालतो. संतांनी अभंगात घातलं, शाहिरांनी पोवाड्यात घातलं, आणि वामनदादांसारखे लोककवी तीच रीत पाळत आले. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नाममुद्रा म्हणजे नुसती हौस नाही. छापखाना, लेबल, कायदा यांतलं काही हाताशी नसलेल्या माणसाने आपली सही गाण्याच्या पोटात लपवून ठेवण्याची ती युक्ती आहे. गाणं तोंडातोंडी कुठेही जावो, सही सोबत जाते. आणि वेळ कमी पडला की आपण काय कापतो? शेवटचं कडवं! मधलं गाळलं तर सही वाचते, पण तेवढा विचार करतो कोण?

तबकडीच्या काळात हे खपून गेलं, कारण कडवं गेलं तरी लेबल होतं. कॅसेट आली तेव्हाही डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, नाव असायचं. मग पेनड्राइव्ह आले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी भरलेला एखादा पेनड्राइव्ह उघडून बघा. 'भीमगीते नॉनस्टॉप डीजे मिक्स, ट्रॅक ७'. संपलं. लेबल नाही, आणि मिक्समध्ये मुखडा आणि एक कडवं एवढंच, म्हणजे सहीही नाही. अशा तऱ्हेने गाणं 'पारंपरिक' होतं. कोणी कट केलेला नसतो. नुसतं दोन्ही बाजूंनी झिजत जातं.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका हळदीत गायकाने "आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेलं पारंपरिक गीत" म्हणून जे सुरू केलं ते १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका' सिनेमातलं गाणं होतं. संगीत वसंत पवारांचं, शब्द वामनदादांचे. गायला सुंदर. मी मध्यंतरात जाऊन त्याला सांगितलं. तो बिचारा मनापासून म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या वहीत तसंच लिहिलंय." दुसऱ्या खेपेला त्याने माइकवर वामनदादांचं नाव घेतलं, तर मांडवातले दोन-तीन म्हातारे खुर्चीत सरसावून बसले. एकाने तिथेच त्यांना कुठे ऐकलं होतं ते शेजाऱ्याला सांगायला सुरुवात केली. नाव घेतल्याने गाणं लहान होत नाही हो, उलट त्याला माणसं चिकटतात.

आमच्या कंपूतल्या सुगम संगीतवाल्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, "गाणं लोकांचं झालं, कवीचं नाव गळून पडलं, हाच कवीचा खरा विजय. लोककवी म्हणता ना त्यांना? मग झालं तर." ऐकायला छान वाटतं. पण हाच माणूस गीतरामायण लागलं की गदिमा, बाबूजी, १९५५ ची रामनवमी, पुणे आकाशवाणी, एकूण ५६ गाणी, आणि कोणतं गाणं कोणत्या रागात, सगळं घडाघडा सांगतो. तिथे का नाही नाव गळून पडत? गीतरामायण लोकांचं झालं नाही की काय? झालंच की. म्हणजे नाव गळणं हा लोकप्रियतेचा नियम नाही. कोणाचं गळू द्यायचं आणि कोणाचं नाही हे आपण ठरवतो, आणि ते ठरवताना गाणं कोणत्या वस्तीतून आलं याचा हिशेब नकळत होतो. हे कडू आहे पण मला तसं दिसतं. भीमगीतं रेडिओवर माझ्या कानावर येतात ती मुख्यतः १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला. मधले दिवस ती गाणी कुठे असतात? भावगीताला तर कधी जयंतीची वाट बघावी लागली नाही!

अमेरिकेतली एक गंमत सांगते. १९२७ साली टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाच्या गृहस्थांनी डोंगराळ भागातल्या गायकांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यांच्या कंट्री संगीताचं ते मूळ मानतात. त्यात कार्टर कुटुंब होतं. पुढे कुटुंबप्रमुख ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडून जुनी गाणी गोळा करायचे आणि ती त्यांच्या नावावर नोंदली जायची. सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. चाली लक्षात ठेवायचं काम त्याचं. त्याचं नाव कुठल्याच लेबलवर नाही. म्हणजे तिथे निनावी गाण्यांना नाव चिकटलं आणि इथे नाव असलेली गाणी निनावी झाली. दिशा उलटी, पण नाव कोणाचं राहिलं आणि कोणाचं गेलं ते बघा.

बरं, भावना सोडा, कायदा बघा. आपल्याकडे गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ साल संपेपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आणखी पक्का केला. पण 'पारंपरिक' असं एकदा लिहिलं की वाटा मागायला कोणी उरतच नाही. तेव्हा हा शब्द दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. ओझरचे हरेंद्र जाधव घ्या. तेही आपल्याच जिल्ह्यातले, प्रल्हाद शिंद्यांनी त्यांची कितीतरी गाणी गायली. २०२१ साली गेले. पाच जणांना विचारा, गायकाचं नाव पाचही जण सांगतील. कवीचं?

आणि जे खरोखर निनावी आहे त्याचंही कसं जपावं हे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी दाखवून दिलंय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि नुसत्या ओव्या नाही, तर गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गावही लिहून ठेवलं. ओवी कोणाची ते माहीत नाही, पण ती कोणाच्या तोंडून आली ते माहीत आहे. एवढं तर करता येतं ना?

मला रेडिओवाल्यांवर, डीजेवाल्यांवर फार राग नाही. ते वहीत लिहिलेलं वाचतात. वही आपली आहे. (जाता जाता, केरळातल्या मिरवणुकांत वाजणाऱ्या ढोलाला तिथले लोक 'नाशिक ढोल' म्हणतात. केरळने आपल्या ढोलाचं गाव लक्षात ठेवलं, आणि आपण आपल्या कवीचं नाव पुसतोय.)

दिरांनी एक जाडजूड वही घातली आहे. त्यात पानावर एक गाणं: मुखडा, गीतकार, संगीतकार, गायक, आणि शेवटचं कडवं पूर्ण. आतापर्यंत १३७ गाणी झाली. त्यातल्या ४१ गाण्यांचं शेवटचं कडवं अजून रिकामं आहे. तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती: दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटच्या डब्या निघाल्या तर कॅसेट खुशाल टाका, तिची फीत तशीही चिकटलेली असेल, पण आतला कागद आमच्याकडे पाठवा. आणि सिन्नर, निफाडकडच्या ज्या घरांत आजी-आजोबांना ही गाणी पूर्ण येतात त्यांनी फोनवर गाऊन घ्या. सुरात नसली तरी चालतील, शेवटचं कडवं तेवढं सोडू नका.