खुर्चीवरचा माणूस बदलला, डोली मात्र तीच!



सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत संसद पेटली, तेव्हा आमच्या जव्हारमधल्या कितीतरी पोरांच्या मोबाइलवर त्या ज्वाळांचे स्टेटस होते. "आपल्याकडेही असंच पाहिजे," असे लिहिणाऱ्यांत आमचेही कार्यकर्ते होते. जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले, ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाक्याहून निघाल्या, तेव्हाही हाच जल्लोष होता. त्या रागाला आम्ही नावे ठेवणार नाही. बेकारी आणि सत्ताधाऱ्यांच्या पोरांची चैन रोज पाहणाऱ्याला राग येणारच. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. माणूस पडल्यावर शेवटच्या माणसाचे काय झाले?

नेपाळचेच घ्या. २००८ मध्ये तिथली राजेशाही गेली. त्यानंतर पंतप्रधान इतक्या वेळा बदलले की नावे पाठ होणार नाहीत. तरी २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम करणाऱ्या दलित तरुणासह सहा जणांचा जमावाच्या हल्ल्यात जीव गेला. राजा गेला, जात गेली नाही.

आणि काठमांडू कशाला, आपले राज्य पाहा. २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून फडणवीसांचा शपथविधी झाला. पाच दिवसांत उद्धव ठाकरे आले. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आले. ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा फडणवीस. मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते, उपमुख्यमंत्री, परत मुख्यमंत्री असा एकाच माणसाचा प्रवास झाला. ठाकरेंचे मंत्री मुख्यमंत्री झाले, मग उपमुख्यमंत्री झाले. याला सत्ताबदल म्हणायचे की संगीत खुर्ची?

या खेळाची किंमत कोण देतो, हेही सांगतो. शिंदे सरकारचा मंत्रिमंडळ विस्तार ९ ऑगस्ट २०२२ ला झाला. तोवर चाळीस दिवस दोघांचेच मंत्रिमंडळ होते. राज्याला आरोग्यमंत्री नव्हता, आदिवासी विकास मंत्री नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या गरोदर बाईची जुळी बाळे दगावली. रस्ता नाही म्हणून तिला डोलीत घालून दवाखान्यात न्यावे लागले. एका खात्याला मंत्री असता तर बाळे वाचली असती, असा आमचा दावा नाही. रस्ता त्याआधीच्या कुणीही केला नव्हता, हे आमचे म्हणणे आहे.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके मेली, तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. त्यानंतर काँग्रेस आली, युती आली, आघाडी आली, महाविकास आघाडी आली, महायुती आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. विष्णू सवरा, दादाजी भुसे, रवींद्र चव्हाण, गणेश नाईक असे पालकमंत्रीही बदलत गेले. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात आहे, त्याचे पाणी मुंबई पिते. मोखाड्याचे पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. यातली कुठली गोष्ट एखाद्या शपथविधीने थांबली?

राज्यपालांचेही तेच. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्राची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकली आहे. तिथल्या कारभाराचा अहवाल त्यांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. जव्हार-मोखाडा त्यात येतात. पण आमच्या पाड्यांना राज्यपाल ठाऊक झाले ते पहाटेच्या शपथेमुळे आणि बहुमत चाचणीमुळे. त्या चाचणीचा आदेश योग्य नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितले. पण ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला असल्याने सरकार काही परत आले नाही.

मग कोणीही आले तरी सारखेच का? नाही. असे म्हणणारा माणूस शेवटी मत विकतो. संविधान मोडू पाहणारा आणि निदान पाळतो म्हणणारा यांत फरक आहेच, आणि मत देताना तो करायलाच हवा. पण मत दिल्यावर आपले काम संपत नाही, ते तिथे सुरू होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तीन इशारे दिले होते. रक्तरंजित मार्ग सोडा, विभूतिपूजा सोडा आणि राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, सामाजिक लोकशाही आणा. संसद जाळण्याचे स्टेटस ठेवणाऱ्याने पहिला इशारा वाचावा, साहेबांच्या बॅनरवर पैसे उधळणाऱ्याने दुसरा. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिल रखडवले जात होते, मागासवर्गीयांकडे दुर्लक्ष होत होते. त्यांनी प्रश्नासाठी खुर्ची सोडली. आज खुर्चीसाठी प्रश्न सोडणारे आपल्याच निळ्या झेंड्याखाली किती आहेत, हे आम्ही सांगायला नको. 'शासनकर्ती जमात बना' हे वाक्य आपण भिंतीवर रंगवले आणि त्याचा अर्थ कुणाच्या तरी यादीत एक जागा मिळवणे असा लावला.

शासन गावातही असते. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. पेसा ग्रामपंचायतीला अबंध निधी येतो, त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो. आपल्यातल्या किती जणांनी तो विचारला? आम्हीही गेली काही वर्षे जयंतीच्या वर्गणीची वही जितकी चोख ठेवली, तितकी निधीची ठेवली नाही. ही आमची चूक आहे, आणि ती कबूल करूनच पुढे बोलतो.

म्हणून या वर्षी एवढे करा. प्रत्येक तालुका शाखेने एक वही घाला. कुठल्या पाड्याला रस्ता नाही, कुठे पाणी नाही, कोण स्थलांतर करून गेले, अंगणवाडी किती दिवस बंद होती, हे तारखेसह लिहा. आदिवासी भावांना बरोबर घ्या. त्यांच्या संघटनांच्या पुढे नाही, शेजारी बसा. पुढचा पालकमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यापुढे हार नको, ती वही ठेवा.

शपथा होत राहतील. वही बंद करायची नाही.

जय भीम! जय संविधान!