अंतेवासी

जी गोष्ट हाकेच्या अंतरावर असते, ती पाहायला म्हणून कोणी घरून निघत नाही. मुंबईत जन्म काढलेली माणसे घारापुरीला जातात ती पाहुण्यांना घेऊन. पाहुणे आले नाहीत तर जातच नाहीत. आमचेही तसेच. रसायनीत बिऱ्हाड करून मला अठरा वर्षे झाली. या अवधीत मी हंपी पाहिली, खजुराहो पाहिले आणि बदामीच्या लेण्यात उभा राहून चार अनोळखी प्रवाशांना शिल्पकलेवर न मागितलेले व्याख्यानही दिले. पण घरापासून सकाळी निघून दुपारच्या आत पाहून होईल असे कर्जतजवळचे कोंडाणे लेणे मात्र पाहिले नव्हते.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. शनिवारची किरकोळ रजा टाकली की सलग तीन दिवस मोकळे. मी नेहमीप्रमाणे लांबच्या गावांच्या हॉटेलांचे दर पाहत बसलो होतो. सौ. म्हणाली, "लांब जायला पैसे लागतात. जवळ जायला काय लागतं?"

मराठीच्या प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही, असे प्रसंग आमच्या घरी वरचेवर येतात. अखेर ठरले : रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे.

पहिल्या दिवशी महडचा वरदविनायक केला. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली हे देऊळ बांधले. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे, असे सांगतात. तेथून खोपोलीला नाना फडणविसांचे तळे आणि वीरेश्वराचे देऊळ पाहिले. पण त्या दिवशी माझ्या मनात राहिले ते देऊळही नाही आणि तळेही नाही. राहिले ते डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ. चहाच्या टपरीवर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी सांगितले की घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी या नळांतून खाली येते, टाटांच्या वीजघरात चक्रे फिरवते आणि मग आपल्या पाताळगंगेत सोडले जाते. वीजघर सुरू झाले १९१५ साली. म्हणून ही नदी भर वैशाखातही वाहते. अठरा वर्षे मी त्या नदीच्या काठाने संध्याकाळचा फिरतो आहे. ती उन्हाळ्यात आटत का नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता!

दुसऱ्या दिवशी कोंडाणे. कर्जतहून कोंदिवड्याला गेलो आणि पुढे पायी रानातून चढलो. डोक्यावर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. लेणे समोर आले तेव्हा सौ. एका दगडावर टेकली आणि बराच वेळ काही बोलली नाही. इसवी सनापूर्वीचे हे बौद्ध लेणे. चैत्यगृहाच्या तोंडावर घोड्याच्या नालासारखी भली मोठी कमान. सगळा दगड, पण घडण लाकडाची. वासे, कठडे, तुळया अशा कोरल्या आहेत की एखाद्या सुतारानेच हातात छिन्नी धरली असावी. वर नाचणाऱ्या जोडप्यांच्या चौकटी. आतले कितीतरी खांब खालून झिजून तुटले आहेत आणि वरचे तुकडे छताला लोंबत आहेत.

मी मात्र शोधत होतो एक ओळ. आदल्या रात्री गॅझेटियर चाळून गेलो होतो. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचे भंगलेले मस्तक आहे. चेहरा उरलेला नाही, पण त्याच्या बाजूला ब्राह्मी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ इतकाच : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, म्हणजेच शिष्य. वर्गात हा शब्द मी किती वेळा फोडून सांगितला असेन! बलकाने दोन हजार वर्षे टिकेल असे काम केले आणि त्यावर नाव कोरताना आधी गुरूचे कोरले. त्या कण्हाने स्वतः काय घडवले होते, याचा त्या ओळीत उल्लेख नाही. तो उरला आहे तो शिष्याच्या नावाआधी.

तेथे उभा असताना मला एक मुलगा आठवला आणि बरे वाटेना.

सातआठ वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. वर्गातला सर्वांत चांगला निबंध त्याचा असे. त्याने एम.ए. करावे, माझ्यासारखे प्राध्यापक व्हावे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. दुसऱ्या वर्षानंतर त्याने शिक्षण सोडले आणि तो पेण तालुक्यात जोह्याला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी त्याला बसही म्हटले नाही. म्हणालो, "शेवटी माती केलीस!" त्यानंतर तो आला नाही आणि मीही कधी चौकशी केली नाही.

रात्री हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "जोहे काही हंपीपेक्षा लांब नाही."

तिसऱ्या दिवशी आपटा, खारपाडा करत जोहे गाठले. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वर्तमानपत्रात वाचले होते. पण घरोघरी ओटीवर, माळ्यावर, अंगणात मांडलेले ते पांढरे गणपती पाहणे वेगळे. भाद्रपदाला अजून साडेसात महिने होते आणि गावाला मान वर करायला सवड नव्हती.

तो एका मूर्तीचे डोळे रेखत होता. याला येथे आखणी म्हणतात, आणि ते काम चालू असताना कोणी बोलत नाही. आम्ही दारात उभे राहिलो. बुबुळाची शेवटची रेघ ओढून झाल्यावर त्याने श्वास सोडला, वर पाहिले आणि हात पुसत धावत आला. वाकून नमस्कार करून मागच्या पोरांना म्हणाला, "हे माझे सर. यांच्याकडे शिकलो मी."

मला कानकोंडे झाले. "काय शिकलास रे माझ्याकडे?"

"तुम्ही निबंधातला जास्तीचा शब्द खोडायचात ना सर? आखणीत जास्तीची रेघ खोडता येत नाही. म्हणून आधीच मोजून ओढतो."

मी चाचरत म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो..."

तो हसायला लागला. "बरोबरच बोललात सर. मातीच केली की!" मग सौ.कडे वळला, "काकू, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

निघताना मी विचारले, मूर्तीवर तू नाव घालतोस का? "नाव कशाला सर? दीड दिवसानं पाण्यात जायचं."

यंदा गणेश चतुर्थीला आमच्या घरी त्याच्या हातचा शाडूचा गणपती आला. दीड दिवसांनी पाताळगंगेवर नेला. आरती झाली, आणि शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "डोळे काय सुरेख आहेत हो! कुणाची मूर्ती?"

मूर्ती पाण्यात सोडण्यापूर्वी मी त्यांना त्या मुलाचे नाव सांगितले. नीट ऐकू जावे म्हणून दोनदा सांगितले.