१६ मिलिमीटरचा देव्हारा

जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांत ‘द ट्वायलाइट झोन’ हिचे नाव आजही आदराने घेतले जाते. सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर १९५९ मध्ये ती सुरू झाली आणि १९६४ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. त्यांतील अगदी आरंभीचा एक भाग, २३ ऑक्टोबर १९५९ रोजी दाखविलेला, एका उतारवयातील चित्रतारकेची कथा सांगतो. रॉड सर्लिंग यांनी लिहिलेल्या या भागाचे नाव ‘द सिक्स्टीन-मिलिमीटर श्राइन’, म्हणजे १६ मिलिमीटरचा देव्हारा. कथा अवघ्या अर्ध्या तासाची. पण ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्यांना ती दीर्घकाळ अस्वस्थ करील.

बार्बरा जीन ट्रेंटन ही एके काळची लोकप्रिय नायिका. आता तिला कोणी बोलावीत नाही. बंगल्यातील एका खोलीचे पडदे ओढून ती दिवसचे दिवस आपलेच जुने चित्रपट पाहत बसते. चित्रपटगृहातील फीत ३५ मिलिमीटर रुंदीची. १६ मिलिमीटरची फीत त्या मानाने लहान, घरी चालविता येण्यासारखी. ज्या मुखासाठी एके काळी चित्रपटगृहे भरत, ते आता एका खोलीत एकाच प्रेक्षकासाठी उजळते आणि तो प्रेक्षक ती स्वतःच असते. देव्हाऱ्यातील मूर्तीही तीच आणि पूजा करणारीही तीच.

त्या काळी अमेरिकेत हे दृश्य निव्वळ कल्पनेतले नव्हते. १९५५ नंतरच्या तीन-चार वर्षांत आरकेओ, वॉर्नर, एमजीएम, पॅरामाउंट या कंपन्यांचे जुने चित्रपट दूरचित्रवाणीच्या हाती आले. वखारीत पडलेला माल पुन्हा बाजारात आला, म्हणा ना! १९४८ पूर्वीच्या चित्रपटांच्या या फेरविक्रीतून नटनट्यांच्या पदरी मात्र काही पडले नाही. आपलेच तरुण रूप रात्री परक्यांच्या दिवाणखान्यात वावरत आहे आणि सकाळी आरशात दुसरेच कोणी दिसत आहे, असा अनुभव कित्येकांनी घेतला असेल.

डॅनी वाइस हा बार्बराचा एजंट. धंद्याच्या नात्यापलीकडे तिच्यावर माया करणारा. तो खटपट करून तिला एक भूमिका मिळवून देतो. भूमिका लहान असते आणि आईची असते. नायिका म्हणून वावरलेल्या स्त्रीला हा अपमान वाटतो. ती ते काम नाकारते आणि पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत शिरते. मग डॅनी तिचा एके काळचा नायक जेरी हर्नडन याला भेटीस बोलावतो. बार्बरा नटूनथटून वाट पाहते आणि समोर येतो एक वयस्क, साधा, चष्मा लावलेला गृहस्थ. अभिनय त्याने केव्हाच सोडलेला आहे. शिकागोजवळ तो सुपरमार्केटची साखळी चालवितो. बार्बराला तो सहन होत नाही. हा जेरी नव्हे, असे म्हणून ती त्याला घालवून देते आणि पडद्यावरच्या जेरीकडे वळते.

व्यापारी घरांतील वाचकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. कथेच्या दृष्टीने जेरी म्हणजे केवळ एक धक्का: नायकाचा झाला दुकानदार! पण या अर्ध्या तासात आपल्या आजच्या दिवसात सुखाने नांदणारा माणूस बहुधा तोच एक आहे. दुकानास रोज सकाळी उघडावे लागते. कालच्या विक्रीवर आजचा गल्ला भरत नाही आणि गिऱ्हाईक मालकाचे जुने छायाचित्र पाहून भाजी घेत नाही. सर्लिंग यांनी त्याला दोन-चार मिनिटांपलीकडे जागा दिली नाही, याची मला हळहळ वाटते.

शेवट विलक्षण आहे. घरकाम करणारी सॅली खोलीत येते, तर प्रोजेक्टर चालू आणि खुर्ची रिकामी. डॅनी धावत येतो. पडद्यावर त्याच घराचा दिवाणखाना, जुन्या काळचे पाहुणे आणि त्यांच्यामध्ये हसणारी बार्बरा. तो हाका मारतो. ती आपला रुमाल त्याच्याकडे भिरकावते आणि निघून जाते. फीत संपते. बाहेर दिवाणखान्यात तोच रुमाल डॅनीला जमिनीवर सापडतो. इच्छा पूर्ण झाली, असे सर्लिंग यांना सुचवावयाचे आहे. मला मात्र हा शेवट गोड वाटत नाही. जिच्यासाठी डॅनीने इतकी वर्षे दारोदार शब्द टाकला, तिने जाताना त्याच्या हाती वीतभर कापड ठेवले.

बार्बराची भूमिका करणाऱ्या आयडा लुपिनो तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या. त्यांनीही वॉर्नर कंपनीत असताना न पटलेल्या भूमिका नाकारल्या आणि त्यापायी कामाविना बसणे सोसले. तो रिकामा काळ त्यांनी इतरांच्या चित्रीकरणस्थळी उभे राहून, कॅमेरा कसा लावतात, संकलन कसे होते, हे पाहण्यात घालविला. पुढे पतीसह त्यांनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली. १९४९ साली त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक आजारी पडताच त्यांनी काम हाती घेऊन तो पूर्ण केला. १९५३ चा ‘द हिच-हायकर’ त्यांनीच दिग्दर्शित केला. अंधाऱ्या खोलीतील बार्बरा साकारताना त्यांच्या गाठीशी दिग्दर्शनाचा दहा वर्षांचा अनुभव होता.

मार्च १९६४ मध्ये त्या याच मालिकेत परतल्या, ‘द मास्क्स’ या भागाच्या दिग्दर्शिका म्हणून. १५६ भागांत अभिनय आणि दिग्दर्शन दोन्ही करणाऱ्या त्या एकट्याच. चित्रीकरणस्थळी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर नावाऐवजी ‘आम्हां सर्वांची आई’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असत.