पिकअपचे इंजिन आणि चोर्ल्याचा घाट

गोव्याच्या घराघरांत शिजणारी कोबी, मिरची, टोमॅटो यांतील बरीचशी भाजी बेळगावच्या मळ्यांतून जाते, हे तिकडच्या आमच्या वाचकांना सांगावयास नको. मध्यरात्र उलटली की भाजीच्या क्रेट्सनी भरलेल्या पिकअप गाड्या जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याच्या घाटास लागतात आणि उजाडण्याच्या सुमारास केरीवरून साखळी, डिचोली, म्हापशाकडे पांगतात. आपण झोपेत असताना चाललेला हा व्यवहार आम्ही इतकी वर्षे गृहीतच धरला होता. गेल्या महिन्यात मात्र त्याने आमच्या ओसरीवरच बैठक मारली.

आमच्या गल्लीच्या टोकास राहणाऱ्या एका स्नेह्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. आजवर त्यांचा माल दुसऱ्याच्या गाडीतून जाई. आता धाकट्या चिरंजीवांनी स्वतःची पिकअप घ्यावयाचे ठरविले. कर्ज मंजूर झाले, पाच वर्षांचे हप्ते ठरले आणि मळ्याचा विहिरीकडचा तुकडा तारण पडला. राहिला तो एकच प्रश्न : इंजिन कोणते? त्या एका प्रश्नावरून घरात तीन तट पडले होते, आणि तरुणपणी आम्ही गॅरेजांत थोडेफार हात काळे केले असल्यामुळे तिन्ही तट एका संध्याकाळी आमच्याकडे आले.

वडील डिझेलचे अभिमानी. त्यांच्या वडिलांनी विहिरीवर बसविलेले ऑइल इंजिन त्यांनी लहानपणी हँडल मारून सुरू केलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचे दुकान थाटले होते, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना आजही घरच्या गोष्टीसारखे वाटते. त्यामुळे इंजिन म्हणजे डिझेल, आणि डिझेल म्हणजे आपले, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के. चिरंजीवांचा ओढा डिझेलकडेच होता, पण त्यांना सर्वांत जास्त अश्वशक्तीचे हवे होते. ‘‘काका, घाट चढायला दम पाहिजे की ओ!’’ हे त्यांचे पालुपद. तिसरा तट सूनबाईंचा. त्या घरचा हिशेब ठेवतात. त्यांचे म्हणणे, सीएनजीवर किलोमीटरमागे खर्च कमी येतो, तर तीच गाडी का घेऊ नये?

आम्ही आधी वडिलांची समजूत काढावयास घेतली. डिझेल स्वस्त म्हणून डिझेल घ्यावे, हा आपल्या पिढीचा ठोकताळा. तो त्या काळी बरोबर होता. परंतु पेट्रोलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले, डिझेलच्या किमतीवरील ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि दोहोंतील अंतर पुष्कळ घटले. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. त्यांनी डिझेल इंजिनाच्या मागे धुराची काजळी अडविणारी गाळणी लावली, जिला गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात. ही गाळणी साचलेली काजळी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले असावे लागते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते आणि मालकास गॅरेजची वाट दाखविते. आमच्या स्नेह्यांची गाडी रोज एका दमात शंभराहून अधिक किलोमीटर जाणार, तेव्हा त्यांना ही चिंता नव्हती. तात्पर्य, डिझेल घ्यावयास हरकत नव्हती. पण कारण जुने चालणार नव्हते.

मग चिरंजीवांची अश्वशक्ती. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. गाडी आणि माल मिळून तीन टन धरले. शंभर मीटरला सात मीटर असा कडक चढ धरला. ताशी २५ किलोमीटर वेग धरला, कारण घाटातल्या वळणांवर भरलेली गाडी त्याहून फारशी वेगाने जात नाही आणि जाऊही नये. उत्तर आले, साधारण २५ अश्वशक्ती! चिरंजीवांस ते खरे वाटेना. या वर्गातल्या २.५ लिटरच्या डिझेल पिकअपमध्ये पाऊणशे अश्वशक्ती असतेच. म्हणजे शक्तीला तोटा नाही. प्रश्न असतो तो हा की ती शक्ती इंजिन किती फेऱ्यांवर देते. वळणावर पुढची लॉरी थांबली, आपणही थांबलो, आणि पुन्हा चढावर गाडी उचलावयाची झाली, तर तेव्हा लागतो तो टॉर्क, म्हणजे दांडा फिरविण्याचा जोर. बोलेरो पिकअपचे २.५ लिटरचे डिझेल मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच सुमारे २०० न्यूटन-मीटर जोर देते; १.२ लिटरचे लहान वायू-इंजिन त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते चढत नाही असे नाही, पण त्याला खालच्या गिअरात घालून किंचाळत न्यावे लागते.

इथवर आम्ही आमच्याच विद्वत्तेवर खूष होतो. तेवढ्यात सूनबाईंनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही सगळे चढाचंच बोलताय. पण परतीच्या भाड्याचा या वहीत रकानाच नाही. माल खाली जातो. वर येताना गाडीत रिकामे क्रेट असतात.’’

बैठक एकदम गप्प झाली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आणि म्हापसा जवळजवळ समुद्राशी. भरलेली गाडी उतरते, रिकामी चढते. ज्या दमासाठी चिरंजीव अधिक कर्ज काढावयास निघाले होते, त्याची गरज परतीला अर्ध्यावर येत होती. आणि ज्याचा कोणी उच्चारही केला नव्हता, ते काम, म्हणजे दीड टन माल घेऊन सुटलेल्या गाडीस आवरण्याचे, रोज पहाटे अंधारात करावयाचे होते.

पुन्हा पेन्सिल चालली. तीन टन वजन सहाशे मीटर खाली आले, तर त्यातून निघणारी उष्णता पन्नास लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीस आणील. अंघोळीच्या बंबाशी परिचय असलेल्यांना हा आकडा कळेल. तिचा काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेली एक तर ब्रेकमध्ये जाते, नाही तर इंजिनात. ब्रेकवरच सगळा भार टाकला तर ते तापतात, जळका वास येतो, आणि पुढच्या वळणावर पाय दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा.

गंमत अशी की या कामात डिझेल नैसर्गिकरीत्या कच्चे आहे. पेट्रोलच्या किंवा वायूच्या इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेच्या वाटेवरचे झाकण मिटते. मग हवा ओढताना इंजिनाची दमछाक होते आणि ती दमछाक चाकांना मागे खेचते. साध्या डिझेलात ते झाकण नसे; दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून दट्ट्यास पुन्हा ढकलते आणि रोध थोडाच उरतो. म्हणून मोठ्या लॉऱ्यांत धुराच्या नळीत झडप घालून वेगळा ब्रेक बसवितात. लहान पिकअपमध्ये तो सहसा नसतो. तेव्हा उताराच्या बाबतीत सूनबाईंच्या सीएनजीचे पारडे जड होते, आणि हे मान्य करताना वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. (विजेची गाडी तर उतरताना बॅटरी भरून घेते, माल खाली आणि रिकामी वर, अशा मार्गास तीच शोभावी. पण दीड टनाची, हप्त्यात बसणारी, आमच्या स्नेह्यांना चौकशीत मिळाली नाही.)

येथे आमची एक जुनी चूक सांगतो. १९७९ साली आमच्या मामांकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप होती. पेट्रोल परवडेना म्हणून एका गॅरेजात तिच्यात जुने डिझेल इंजिन बसविले. त्या सल्ल्यात आमचाही वाटा होता. इंजिन उत्तम होते, पण ते त्या गाडीचे नव्हते. हादऱ्यांनी आधाराचे रबर तुटत, आणि उतारावर पूर्वीसारखी इंजिनाची पकड मिळेना. रामघाटात एका पावसाळी संध्याकाळी मामांनी ती डोंगराच्या अंगास घासून थांबविली. इजा कुणास झाली नाही. मामांनी आम्हांस बोलही लावला नाही, आणि तेच अधिक लागले. ते आठवले म्हणून आम्ही त्या बैठकीत घाईने कौल दिला नाही. एकदा दुसऱ्याच्या भरलेल्या गाडीतून खाली जाऊन या, मग बोलू, एवढेच चिरंजीवांस सांगितले.

ते दोन फेऱ्या करून आले. म्हापशाचा एक व्यापारी आठवड्यातून तीन दिवस परतीला नारळ द्यावयास तयार होता. म्हणजे वहीत परतीचा रकाना आला, आणि चढही पुन्हा हिशेबात आला. सीएनजीच्या टाक्यांत वायू २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. त्या पोलादी टाक्यांचे वजन मालाच्या वजनातून वजा होते. रोजचे काही क्रेट कमी, शिवाय पहाटे बाजार गाठावयाचा असताना वायूसाठी रांगेत उभे राहण्याची धास्ती. सूनबाईंनी स्वतःच हे आकडे मांडले आणि स्वतःच सीएनजीवर काट मारली. आम्हीही डिझेलच म्हटले, पण काठावरूनच. नारळ नसते तर आमचे मत दुसरीकडे गेले असते.

गाडी आली ती २.५ लिटरची, पाऊणशे अश्वशक्तीची. महागड्या इंजिनाचे जे पैसे वाचले, त्यांतून परतीच्या मालासाठी चांगली ताडपत्री आली आणि उरलेले ब्रेकच्या देखभालीसाठी वेगळे ठेवले. पहिल्या फेरीस वडील शेजारी बसून गेले. केरीला उतरून त्यांनी चाकांजवळ वास घेतला, चिरंजीवांस काही न बोलता चहा पाजला आणि आम्हांस फोन केला : ‘‘अण्णा, दुसऱ्या गिअरात आणलं पोरानं. मागं चार गाड्या हॉर्न मारत होत्या, मारू देत म्हटलं.’’